‘दुसरं दुकान येणार नाही’ हे लिहून द्या, नाहीतर बोलू नका

प्रति,
चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी, मालवण, दापोली आणि कोकणातल्या इतर गावांतले व्यापारी संकुलांचे बिल्डर, गाळेमालक, आणि मुंबईत राहून इथले गाळे भाड्याने देणारे चाकरमानी मालक यांस,

विषय : एकाच संकुलात एकाच धंद्याची दोन दुकाने आणि भाडेकरारातील अटी

स.न.वि.वि.

गाळा दाखवताना तुमच्या तोंडी एक वाक्य हमखास येतं. “बिनधास्त घ्या, या बिल्डिंगमध्ये दुसरं मेडिकल येणार नाही.” मेडिकलच्या जागी बेकरी, झेरॉक्स, मोबाइल, कोकणमेवा काहीही घाला. बोलायला पैसे पडत नाहीत आणि गाळा लवकर उठतो. मग भाडेकरू फर्निचर, काउंटर, फ्रिज, बोर्ड यांत चार-पाच लाख घालतो, आणि वर्ष-दीड वर्षात पलीकडच्या गाळ्यात तोच धंदा उभा राहतो. तेव्हा तुम्ही म्हणता, “तो गाळा माझा नाही,” किंवा “करारात कुठे लिहिलंय?” दोन्ही उत्तरं बहुतेक वेळा खरी असतात, आणि भांडण नेमकं त्यामुळेच पेटतं.

आम्ही असे करार लिहितो, तपासतो आणि मोडलेले पाहतो. आमची मागणी एवढीच आहे : ‘दुसरा नको’ची अट द्यायची असेल तर नेमकी, मर्यादित आणि नोंदणीकृत द्या. द्यायची नसेल तर तसं तोंडावर सांगा. भाडेकरू त्या हिशेबाने भाडं ठरवेल किंवा दुसरा गाळा बघेल.

आधी एक गैरसमज. एकाच धंद्याची दोन दुकानं शेजारी आली की दोघंही बुडतात, असं नाही. साड्या, सोनं, फर्निचर, चपला यांचं गिऱ्हाईक चार दुकानं फिरून घेतं. तिथे शेजारी दुसरं दुकान असलं तर संकुलाकडे येणारी पावलं वाढतात. अशा धंद्यांना अट मागणारा भाडेकरू उगाच घाबरतो, आणि देणारा मालक स्वतःचे हात बांधून घेतो. औषधं, झेरॉक्स, दूध-पाव, सलून, रिचार्ज यांचं तसं नाही. तिथे गिऱ्हाईक सर्वात जवळचं दार बघतं, आणि दुसरं दार उघडलं की पहिल्याचा गल्ला सरळ फाटतो. गाव जेवढं लहान तेवढं हे जास्त. कोकणात तर वर्षाची कमाई मे महिना, गणपती, शिमगा आणि डिसेंबरची अखेर एवढ्यातच येते. त्यातला एक हंगाम हातचा गेला की उरलेलं वर्ष भाडं भरण्यातच जातं.

आता कायद्याचं. “धंद्यावर बंदी घालणारा करार बेकायदा असतो” हे अर्धं वाक्य सगळ्यांना पाठ असतं. ते भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २७ मधलं आहे. कलम आहे कडकच. पण करार चालू असतानाची बंधनं आणि करार संपल्यानंतरची बंधनं यांत न्यायालयं फरक करतात. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका कोला या निकालात हा फरक मांडला आहे. तेव्हा ‘या भाडेकराराच्या मुदतीत मी माझे इतर गाळे औषधविक्रीला देणार नाही’ ही मालकाची हमी सर्वसाधारणपणे टिकते. उलट काही मालक भाडेकरूकडून लिहून घेतात की गाळा सोडल्यावर दोन वर्षं, दोन किलोमीटरच्या आत तोच धंदा करणार नाही. (बहुधा मुलाला त्याच जागेत तोच धंदा काढून द्यायचा असतो.) ही अट कलम २७ पुढे टिकत नाही. ती लिहून फक्त स्टॅम्पपेपर वाया जातो.

याहून मोठा खड्डा नोंदणीचा आहे, आणि त्यात पडतो तो मालक. अकरा महिन्यांचा करार स्टॅम्पवर टाइप करायचा, नोटरी करायची आणि ‘झालं काम’ म्हणायचं ही आपल्याकडची जुनी रीत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चं कलम ५५ सांगतं की भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. अकरा महिन्यांचा असला तरीही. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण खरी गंमत त्याच कलमात पुढे आहे : नोंदणीकृत करार नसेल तर जागा कोणत्या अटींवर दिली याबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत. म्हणजे नोटरीवर भागवलेल्या मालकाला भाडेकरू म्हणू शकतो, “दुसरं मेडिकल आणणार नाही, असं तुम्ही कबूल केलं होतं.” तसं नव्हतं हे दाखवण्याचा भार मालकावर. हजार-दोन हजार रुपये वाचवून स्वतःविरुद्ध हत्यार दुसऱ्याच्या हातात देण्याचा हा प्रकार आहे.

खर्च तरी किती? लिव्ह अँड लायसन्सला साठ महिन्यांपर्यंत मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के लागतं. समजा भाडं महिना १२,००० रुपये, मुदत ३६ महिने, परतीचं डिपॉझिट एक लाख. भाड्याची बेरीज ४,३२,०००. डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरतात, त्याचे तीन वर्षांचे ३०,०००. एकूण ४,६२,००० वर ०.२५ टक्के म्हणजे १,१५५ रुपये. नोंदणी फी नगरपरिषद हद्दीत १,०००, ग्रामीण भागात ५००. ऑनलाइन नोंदणीच्या ठरावीक मसुद्यात ‘दुसरा नको’ची अट आपोआप येत नाही. ती वेगळी घालावी लागते. एजंटाला आधीच सांगा, नाहीतर तो शेवटचं गिऱ्हाईक ज्या अटींवर गेलं त्याच अटींवर तुमचं नाव चिकटवून मोकळा होतो.

मुदतीचा हिशेबही इथेच लावा. अकरा महिन्यांच्या करारातली हमी अकरा महिन्यांतच संपते. पाच लाखांचं फर्निचर करणाऱ्याने तेवढ्यावर थांबू नये, आणि मालकानेही तेवढं देऊन ‘कायमची हमी’ दिल्याचा आव आणू नये.

दुसरी मेख लिव्ह अँड लायसन्स या प्रकारातच आहे. लायसन्सने जागेत हक्क निर्माण होत नाही, वापरण्याची फक्त परवानगी मिळते. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ५९ प्रमाणे मालकाने जागा विकली की नवा मालक त्या लायसन्सने आपोआप बांधला जात नाही. मग आतल्या अटीचं काय घेऊन बसलात! लीज, म्हणजे जागेत हक्क देणारा भाडेपट्टा, असेल तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०९ प्रमाणे खरेदीदार जुन्या मालकाच्या जागी येतो. लीजला मुद्रांक जास्त पडतो. पाच वर्षांपर्यंतच्या लीजला बाजारमूल्याच्या १० टक्के रकमेवर खरेदीखताच्या दराने. चाळीस लाखांच्या गाळ्याला चार लाखांवर शुल्क म्हणजे वीस हजारांच्या आसपास. छोट्या दुकानाला ते जड जातं. पण बँक, दवाखाना, मोठी बेकरी अशांनी लायसन्सवर समाधान मानू नये.

हमी कोणत्या गाळ्यांवर चालते, हे मालकांनाच नीट माहीत नसतं. समजा संकुलात २४ गाळे आहेत, त्यातले सहा तुमचे. मग ‘या बिल्डिंगमध्ये दुसरं येणार नाही’ असं म्हणायचा तुम्हाला अधिकारच नाही. ‘माझ्या १ ते ६ क्रमांकांच्या गाळ्यांत येणार नाही’ एवढंच म्हणा. उरलेल्या अठरा गाळ्यांचे मालक तुमच्या कराराचे पक्षकार नाहीत. भाडेकरूनेही सही करण्याआधी प्रत्येक गाळ्याचा इंडेक्स टू (दस्तनोंदणीचा उतारा) काढून मालक कोण ते बघावं, नुसत्या पाट्या वाचून अंदाज बांधू नये.

सहापैकी एक गाळा तुम्ही उद्या विकलात तर? घेणाऱ्याला अट माहीत असेल तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचं कलम ४० मदतीला येतं. त्याने पैसे मोजून, अट माहीत नसताना घेतला असेल तर तो मोकळा. म्हणून विक्रीच्या करारात अट उतरवणं हा तुमच्या हमीचाच भाग असला पाहिजे. बिल्डरांसाठी इथे आणखी एक गोष्ट. त्याच कायद्याचं कलम ११ म्हणतं की मालमत्ता पूर्णपणे विकल्यावर ती कशी वापरावी यावर बंधन घालता येत नाही. अपवाद आहे तो विकणाऱ्याच्याच शेजारच्या मिळकतीच्या फायद्यासाठी घातलेल्या बंधनाचा. तुम्ही शेवटचा गाळा विकून बाहेर पडलात की तुमच्याकडे राखायला मिळकतच उरत नाही, आणि ‘बिल्डरने शब्द दिला होता’ या वाक्यात काही दम राहत नाही. सगळ्या संकुलाला वापराची शिस्त हवी असेल तर ती सुरुवातीलाच, महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अधिनियम, १९७० खालच्या घोषणापत्रात घाला. प्रत्येक गाळाधारक त्या घोषणापत्राने बांधला जातो. कुठला गाळा खाण्याच्या धंद्याला, कुठला नाही, चिमणी कुठून जाणार, हे तिथे लिहिता येतं. मासळीच्या खानावळीची चिमणी साडीच्या दुकानाच्या खिडकीत सोडायची आणि मग दोघांत तह करत बसायचं, हे नकाशावरच टाळता येण्यासारखं आहे.

आता मसुदा. सर्वात जास्त करार इथे फसतात, आणि फसतात ते धंद्याच्या नावामुळे.

‘मेडिकल’ हा शब्द लिहू नका. अन्न व औषध प्रशासनाच्या परवान्यावर बोट ठेवा : ‘औषधे नियम, १९४५ (पूर्वीचे औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम) खाली फॉर्म २० व २१ चा किरकोळ विक्री परवाना लागणारा व्यवसाय’. परवाना आहे की नाही हे कागद सांगतो, वाद उरत नाही. आणि वरच्या मजल्यावर हॉस्पिटलला जागा देणार असाल तर त्यांच्या आतल्या औषधविक्रीचं काय, ते त्याच ओळीत लिहा. ‘आमचं मेडिकल फक्त आमच्या पेशंटसाठी’ असं म्हणत खालच्याचा निम्मा गल्ला वर जातो, आणि करारात हॉस्पिटलचा उल्लेखच नसतो.

मोबाइलच्या दुकानाचे चार धंदे असतात : हँडसेट विक्री, दुरुस्ती, कव्हर-चार्जर, रिचार्ज. अट नेमकी कशाला? चारही म्हणाल तर शेजारचा किराणावाला रिचार्ज मारतो तेही उल्लंघन ठरेल. झेरॉक्सचं तसंच. एक प्रिंटर घेतला की कुणीही झेरॉक्सवाला होतो, म्हणून तिथे ‘किरकोळ प्रती काढणे’ आणि ‘ऑनलाइन अर्ज भरण्याचे केंद्र’ वेगळे काढा.

पण खरी कसोटी कोकणमेव्याची. काजूगर, आगळ, आमसुलं, आंबापोळी, फणसपोळी, तळलेले गरे, मालवणी खाजा, कुळथाचं पीठ, सांडगी मिरची, मसाला : यातलं एकही असं नाही जे फक्त कोकणमेव्याच्या दुकानात मिळतं. कुळथाचं पीठ आणि मसाला किराणावाला पिढ्यान्‌पिढ्या विकतो. खाजा बेकरीत असतो. थाळीच्या हॉटेलात गल्ल्याशेजारी आगळाच्या बाटल्यांची उतरंड असतेच. ‘संकुलात दुसरं कोणी कोकणमेवा विकणार नाही’ असं लिहिलंत तर पहिल्याच दिवशी चार दुकानं उल्लंघन करत असतील, आणि जी अट सगळेच मोडतात ती कुणाविरुद्ध चालवणार? तिथे मुख्य धंदा आणि जोडविक्री यांत रेघ ओढा. ती रेघ विक्रीच्या टक्क्यांवर ओढू नका, कारण शेजाऱ्याची वही तुम्हाला कोण दाखवणार? मांडणीच्या जागेवर ओढा. ‘एक मांडणी, तीन फूट रुंद, सहा फूट उंच, याहून जास्त जागेत हे पदार्थ मांडले तर ती जोडविक्री नव्हे.’ दोनशे चौरस फुटांच्या गाळ्यात ही मर्यादा कुणीही टेप लावून मोजू शकतो. सोबत एवढंही घाला की बाहेरच्या बोर्डावर ‘कोकणमेवा’ किंवा ‘काजू’ हे शब्द येणार नाहीत. मुंबईची गाडी बोर्ड वाचून थांबते, आत किती रॅक आहेत हे बघून नव्हे.

आणखी एक पळवाट जवळपास प्रत्येक मसुद्यात उघडी असते. अट ‘गाळ्यां’बद्दल लिहिलेली असते, आणि माल येतो पॅसेजमध्ये. एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या पेट्यांचा स्टॉल, श्रावण संपताना मखरं आणि तोरणं, दिवाळीला कंदील. जिन्याखालची, ओट्यावरची, पार्किंगमधली जागा महिन्यापुरती भाड्याने जाते, पावतीही नसते. वर्षभर भाडं भरणारा पूजासाहित्याचा दुकानदार ऐन हंगामात त्या स्टॉलकडे बघत बसतो. आमच्याकडचा मसुदा असा असतो :

‘या कराराच्या मुदतीत, सदर संकुलातील मालकाच्या मालकीच्या वा ताब्यातील अन्य कोणत्याही गाळ्यात, तसेच ओटा, पॅसेज, जिना, गच्ची व पार्किंगच्या जागेत, परिशिष्ट अ मध्ये वर्णन केलेला मुख्य व्यवसाय मालक स्वतः करणार नाही, अन्य कोणास करू देणार नाही, आणि सदर जागांपैकी कोणतीही जागा भाड्याने देताना वा विकताना हीच अट त्या दस्तात घालील. परिशिष्ट ब मधील विद्यमान गाळेधारकांस त्यांच्या चालू कराराच्या मुदतीपुरती ही अट लागू नाही.’

परिशिष्ट ब विसरू नका. आधीपासून असलेल्यांचा गाळा क्रमांक, धंदा आणि कराराची अखेरची तारीख त्यात हवी. नूतनीकरणाच्या वेळी त्यांची सूट चालू राहील की संपेल, तेही लिहा. मागच्या प्लॉटवर ‘फेज टू’ उभारायचा विचार असेल तर तो अटीत आहे की नाही हे आत्ताच सांगा.

अट मोडली तर काय, याबद्दल बहुतेक करार एकतर गप्प असतात किंवा ‘पाच लाख दंड’ असा आकडा ठोकतात. करार अधिनियमाच्या कलम ७४ प्रमाणे न्यायालय त्या आकड्यापर्यंत वाजवी भरपाई देतं, आकडा जसाच्या तसा उचलून देत नाही. आणि वाजवी किती हे ठरवताना विक्री किती घटली हा प्रश्न येतोच. आपल्याकडे तिथेच घोडं अडतं. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेतला दुकानदार तिमाहीला एक आकडा भरतो, त्यातून महिना दिसत नाही. दिसला तरी गणेश चतुर्थी २०२३ साली १९ सप्टेंबरला होती, २०२४ ला ७ सप्टेंबरला, २०२५ ला २७ ऑगस्टला. नुसता ऑगस्टशी ऑगस्ट लावलात तर २०२५ ची विक्री वाढलेली दिसेल, धंदा बुडत असतानाही. रोजची विक्री तारखेसकट लिहा आणि चतुर्थीच्या आधीचे पंधरा दिवस मागच्या चतुर्थीच्या आधीच्या पंधरा दिवसांशी ताडून बघा.

हे सगळं टाळायला सोपा उपाय म्हणजे भाडेकपात. उल्लंघन चालू असेपर्यंत भाडं निम्मं. नव्वद दिवसांत दूर झालं नाही तर भाडेकरूला लॉक-इन (ठरावीक काळ गाळा न सोडण्याची अट) न धरता तीस दिवसांच्या नोटिशीने जाता यावं आणि डिपॉझिट सात दिवसांत परत मिळावं. पुराव्याची झटापट वाचते. मालकांनाही यात न्याय हवा. दुसऱ्या भाडेकरूने स्वतःचा करार मोडून चोरून माल मांडला असेल तर तो मालकाचा दोष नाही. अशा वेळी मालकाला नोटीस देऊन पावलं उचलायला तीस दिवस द्या, कपात त्यानंतर सुरू करा. स्वतः भाडं थकवणाऱ्याला कपात मागता येणार नाही, हेही घाला. मनाईहुकमासाठी न्यायालयात जायचं असेल तर शेजारच्या गाळ्यात सुतार शिरला त्याच आठवड्यात नोटीस काढा. तीन महिने फर्निचर होताना बघत राहिलात तर ‘इतके दिवस कुठे होता’ हा पहिला प्रश्न असतो.

मालक आणखी एक रास्त गोष्ट मागतात : दुकान बंद ठेवून अट अडवून धरायची नाही. सलग साठ दिवस बंद राहिलं तर हमी संपेल, असं लिहायला हरकत नाही. फक्त तारकर्ली, गणपतीपुळे, मुरूड-हर्णैच्या बाजूची पर्यटकांवरची दुकानं पावसात बंदच असतात. तिथे १ जून ते ३० सप्टेंबर मोजणीतून वगळा. पुराच्या पाण्याने बंद राहिलेले दिवसही वगळा. जुलै २०२१ नंतर चिपळुणात हे वेगळं सांगायची गरज नसावी.

काही संकुलांत गाळेवालेच आपसांत ठराव करतात : नव्याला संघटनेच्या ‘ना हरकत’शिवाय धंदा सुरू करू द्यायचा नाही. हे करू नका. मालक-भाडेकरूची अट वेगळी, आणि स्पर्धकांनी मिळून नव्याला अडवणं वेगळं. औषध विक्रेत्यांच्या अखिल भारतीय संघटनेला अशाच ‘ना हरकत’च्या प्रथेसह इतर कारणांवरून भारतीय स्पर्धा आयोगाने २०१३ मध्ये सत्तेचाळीस लाखांवर दंड ठोठावला होता.

नगरपरिषदांच्या गाळ्यांबद्दल थोडक्यात. त्यांना भाडे नियंत्रण कायदा लागू नाही, आणि लिलावानंतर कुणा पदाधिकाऱ्याने दिलेल्या तोंडी शब्दाला किंमत नाही. धंद्याचं आरक्षण ठेवायचं असेल तर ते लिलावाच्या जाहीर अटींतच असावं.

ज्यांचे करार आज चालू आहेत त्यांना मुदत संपेपर्यंत थांबायचं कारण नाही. दोघांच्या सहीने पुरवणी करार करून तो नोंदवता येतो. मूळ दस्ताचा क्रमांक आणि तारीख त्यात घाला, दोन्ही परिशिष्टं जोडा आणि गाळ्यांच्या नकाशावर आपले गाळे लाल पेनाने रंगवून त्यावरही सह्या घ्या. गणपतीआधी करायचं असेल तर आषाढातच उरकून घ्या. श्रावण लागला की मालकांचे फोन लागत नाहीत.

कळावे,
किनारपट्टीवरचे भाडेकरार लिहिणारे आणि तपासणारे काही जण